नेमबाजाची वही

तुम्ही नेमबाजीची स्पर्धा पाहिली आहे का? एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत खेळाडू लक्ष्यापासून 10 मीटर अंतरावर उभा राहतो आणि एकाच हाताने पिस्तूल धरतो. लक्ष्यावर एकात एक अशी दहा वर्तुळे असतात. सर्वांत आतल्या वर्तुळाला 10 गुण. त्याचा व्यास किती? फक्त 11.5 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या शर्टाच्या बटणाएवढा! असे 60 नेम मारायचे. एकूण गुण 600.

आता सलीम आणि हमीद यांची गोष्ट घ्या. दोघांनी दहा-दहा नेम मारले. दोघांनाही 90 गुण मिळाले. सलीमचे दहाही नेम 9 वर लागले, तेही सगळे डावीकडे, एकमेकांना चिकटून. हमीदला पाच वेळा 10, दोन वेळा 9, एकदा 8 आणि दोनदा 7 गुण मिळाले. त्याची भोके चारही बाजूंना पसरली होती. पुढे कोण? घाईने हमीदचे नाव घेऊ नका. सलीमचा हात स्थिर आहे. पिस्तुलावरील साइटचा स्क्रू थोडा फिरवला की त्याची सगळी भोके मध्याकडे सरकतील. हमीदचा हात चाप ओढताना हलतो. त्यासाठी कोणताही स्क्रू नाही, सरावच हवा.

म्हणून चांगला नेमबाज वही ठेवतो. चाप ओढला, की लक्ष्याकडे पाहण्याआधी तो मनात म्हणतो, "हा नेम थोडा उजवीकडे गेला." मग खरी जागा पाहतो. अंदाज बरोबर येऊ लागला, तर समजावे की आपली चूक आपल्याला कळू लागली आहे. गुण वाढण्याच्या आधी ही समज येते.

माझी एक विद्यार्थिनी एका दिवशी 84 गुण मिळाले म्हणून खेळ सोडायला निघाली होती. डोळ्यांत पाणी! मी तिची वही मागितली. मागच्या महिन्यात तिची सरासरी 81 होती आणि या महिन्यात 86. महिन्यापूर्वी हेच 84 गुण मिळाले असते, तर तिने घरी मिठाई वाटली असती.

मनू भाकर हिचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि बराच वेळ गेला. दहा-दहा नेमांच्या सहा फैरींत तिला 98, 95, 94, 95, 98 आणि 95 गुण मिळाले. एकूण 575, क्रमांक बारावा. अंतिम फेरीत फक्त आठ जणी जातात. 2024 मध्ये पॅरिसला तिचे गुण होते 97, 97, 98, 96, 96 आणि 96. एकूण 580, क्रमांक तिसरा. पुढे अंतिम फेरीत तिने कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती भारताची पहिली महिला नेमबाज ठरली.

नीट पाहा. तिची सर्वांत चांगली फैर दोन्ही वेळा 98 चीच होती. सर्वांत कमी गुणांची फैर मात्र 94 वरून 96 वर आली.

शब्दार्थ : नेमबाज – निशाणेबाज, सरासरी – औसत, चाप – पिस्तुलाचा घोडा, पात्रता फेरी – अंतिम फेरीसाठी निवड करणारी फेरी.

स्वाध्याय : मनू भाकरच्या दोन्ही स्पर्धांतील एका नेमाचे सरासरी गुण काढा.