सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर घेताना

मागच्या वर्षी मी एका जुन्या बाजारातून बाराशे रुपयांना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतला. समोर दोन काट्यांचे मीटर, आत निळा दिवा, दिसायला एकदम झकास. विकणाऱ्या दादांनी "ताई, वाजवून घ्या" म्हणत एका छोट्या स्पीकरवर गाणं लावून दाखवलं. छान वाजला. तो स्पीकर फक्त उजव्या चॅनेलला जोडलेला होता, हे मी बघितलंच नाही. कर्जतला घरी आणून पप्पांच्या जुन्या स्पीकरना जोडला, आणि दहा मिनिटांत डावीकडच्या वूफरमधून जळका वास आला. पप्पा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

नंतर मोजलं तर डाव्या चॅनेलच्या आउटपुटवर २० व्होल्ट डीसी येत होते. ८ ओहमच्या स्पीकरला २० व्होल्ट, म्हणजे २० चा वर्ग भागिले ८, बरोबर ५० वॅट. गाण्याचे वॅट येतात-जातात, आणि कोन हलत असल्यामुळे कॉइलला थोडी हवा मिळते. डीसीमध्ये कोन एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच थांबतो आणि कॉइल नुसती तापत राहते. हे सूत्र आपण फर्स्ट इयरलाच शिकलो होतो. पण बाजारात गेल्यावर निळा दिवा दिसतो, सूत्र आठवत नाही.

तर आधी किती वॅटचा घ्यायचा ते बघू. डब्यावर '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, कारण पीएमपीओ मोजण्याचं कुठलंही स्टँडर्डच नाही. मागच्या पाटीवर वीज किती खातो ते वाचावं. तिथे ६० वॅट लिहिलं असेल तर हजार वॅट बाहेर कुठून येणार? नेहमीच्या क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पूर्ण आवाजाला साधारण निम्मी वीज उष्णतेत जाते. म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून ३० वॅट, एकेकाला १५. आणि खोलीसाठी तेवढे पुरतात. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे १५ च्या जागी ३० वॅटचा घेतला तर फरक जेमतेम कळेल. (वॉर्डनना मात्र १ वॅटसुद्धा कळतो.)

म्हणून वॅट बघू नका, वजन बघा. अ‍ॅम्प्लिफायरमधली सगळ्यात महाग आणि सगळ्यात टिकाऊ वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर. (त्याला मराठीत रोहित्र म्हणतात हे मला महावितरणच्या पाटीवरून कळलं. कॉन्व्हेंटचा परिणाम.) डबा मोठा आणि हलका असेल तर आत ट्रान्सफॉर्मर लहान आहे, तो ठेवून द्यावा. मुंबईच्या चोर बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडला परदेशी माल मिळतो, तिथे पाटीवरचे व्होल्टही वाचा. जपानमध्ये वापरायचा पीस १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. तो आपल्या २३० ला लावला की बाजार संपला.

आता टेस्ट. मल्टिमीटर सोबत न्या, लॅबमधला न्यायचा असेल तर सरांना विचारून. अ‍ॅम्प्लिफायर चालू, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून लाल-काळ्या स्पीकर टर्मिनलवर लावा. आधी डावा, मग उजवा, दोन्ही. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभराच्या वर असेल तर रिपेअरचा खर्च धरून भाव करा. व्होल्टमध्ये रीडिंग आलं तर स्पीकर जोडायचाच नाही. काही जुन्या सेटमध्ये आउटपुटला मोठा कंडेन्सर असतो, तिथे चालू केल्यावर रीडिंग वर जाऊन हळूहळू शून्याकडे येतं, त्याला घाबरू नका. काही सेटचं आउटपुट ब्रिज प्रकारचं असतं, म्हणजे काळं टर्मिनलसुद्धा जिवंत असतं. म्हणून काळी वायर बॉडीला टेकवायची नाही आणि दोन्ही चॅनेलच्या काळ्या वायरी एकत्र करायच्या नाहीत.

बंद पडलेला किंवा उघडलेला सेट पहिल्यांदा चालू करताना रिपेअरवाले सिरीज लॅम्प वापरतात. फेजच्या वायरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब (एलईडी चालत नाही). क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बमुळे पुढचं जळत नाही. हा बल्ब मी आधी लावला असता तर, असं आता वाटत नाही, कारण माझा सेट शॉर्ट नव्हताच. प्रत्येक टेस्ट वेगळा आजार पकडते.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर ती फक्त पॉटमधली घाण, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या स्प्रेने जाते. त्यावरून भाव मात्र जरूर पाडा. इनपुट काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही गुणगुण येत असेल तर पॉवर सप्लायचे कंडेन्सर म्हातारे झालेत. ती गुणगुण १०० हर्ट्झची, कारण ब्रिज रेक्टिफायर ५० चे १०० करतो. इनपुटची केबल लावल्यावरच सुरू होत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झची आणि दोष अर्थिंगचा किंवा केबलचा. झाकण उघडायची वेळ आली तर प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, हे लक्षात ठेवा.

आतमध्ये एसटीके नंबरचा मोठा आयसी दिसला तर मी थोडा विचार करते. ते सॅनियोचे. सॅनियोचा सेमीकंडक्टर धंदा २०११ साली ऑन सेमीकंडक्टरने घेतला, जुन्या नंबरचे बरेच आयसी आता बनत नाहीत आणि बाजारात नकली भरपूर. सुटे ट्रान्झिस्टर असतील, उदाहरणार्थ २एन३०५५, तर गेले तरी बदलता येतात.

प्रीअ‍ॅम्प वेगळा घ्यावा का? बहुतेकांना नको. तबकडीच्या प्लेअरमधलं मूव्हिंग मॅग्नेट पिकअप जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, शिवाय रेकॉर्ड कापताना बास कमी आणि ट्रेबल जास्त केलेला असतो (आरआयएए, १९५४), तो उलटा करावा लागतो. त्यासाठी फोनो प्रीअ‍ॅम्प लागतोच. पण सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला साधारण १ व्होल्ट पुरतो. तिथे १० किलोओहमचा ड्युअल लॉग पॉट आणि मीटरभराच्या आतली केबल, एवढाच आपला प्रीअ‍ॅम्प. वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.

आमच्या कर्जतसारख्या गावात सेकंडहँड म्हणजे मंडपवाल्या काकांचा जुना अहुजा. गोदड महाराजांच्या यात्रेत कर्णे वाजतात ते अशाच मशीनवर. स्वस्त मिळतो, दणकट असतो, म्हणून मोह होतो. त्याच्या मागे ४, ८, १६ ओहमबरोबर '१०० व्होल्ट लाइन' असं टर्मिनल असतं. त्याचं कारण छान आहे. १०० वॅट ८ ओहमला द्यायचे तर साडेतीन अँपिअर करंट लागतो, १०० व्होल्टवर फक्त १. वायरमधला लॉस करंटच्या वर्गात, म्हणजे साडेबारा पटींनी कमी. हाय टेन्शन लाइनचं तत्त्वच आहे हे. म्हणून बारीक वायरीवर आवाज देवळापासून वेशीपर्यंत जातो. पण घरी तो स्पीकर चुकून या टर्मिनलला जोडला तर स्पीकर गेलाच. शिवाय मशीन मोनो, आणि बोलणं नीट ऐकू यावं यासाठी बनवलेलं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, हे भाषणाला. गाणं ऐकायला याच्यावर नको." मी तरी त्यांचंच ऐकेन.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला इनपुटचा एक छोटा ट्रान्झिस्टर ओपन झालेला होता. किंमत पाच रुपये. तो सापडायला मला तीन रविवार लागले. वूफरचं रिकोनिंग नगरला करून घेतलं, त्याचे पैसे अ‍ॅम्प्लिफायरच्या निम्मे झाले. जोडण्याआधी पप्पांनी स्वतः मीटर हातात घेतला. डावा १४ मिलिव्होल्ट, उजवा ९. मग त्यांनीच वायर जोडली.