चेहरा वाचायला शिकवू या

मागच्या महिन्यात चौथीतल्या एका मुलाला वर्ग चिडवत होता. तोही हसत होता, म्हणून आम्हाला ती गंमतच वाटली. मधल्या सुट्टीत तो जिन्याखाली रडताना सापडला.

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्ये लिहिले, की खऱ्या आनंदात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात. त्या मुलाचे फक्त ओठच हसत होते.

आता दर शनिवारी आम्ही मूक अभिनय घेतो. आवळलेल्या मुठी, पडलेले खांदे पाहून मुलांनी भाव ओळखायचा. पालकांनी घरी टीव्हीचा आवाज बंद करून हाच खेळ घ्यावा. आजी-आजोबांनाही यात घ्यावे. मात्र अंदाज चुकतोही. मोठ्यांसमोर खाली घातलेली नजर आपल्याकडे आदराचीही असते. म्हणून जवळ जाऊन "काय झालं रे?" असे विचारायलाही आम्ही शिकवतो.