लडाखचा वसंतऋतु : हिमाचा सांठा व पेरणीचें पाणी

पर्जन्याच्या अंदाजाकडे डोळे लावून बसणें आपणां महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या अंगवळणीं पडलेलें आहे. परंतु ज्या मुलखांत पाऊस जवळजवळ पडतच नाहीं, तेथील शेतकरी हवामानाचा अंदाज कशासाठीं पाहतो, हा प्रश्न वाचकांस विचित्र वाटेल. लडाख हा असाच मुलूख होय. तेथील वसंतऋतूच्या हवामानाचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. कारण त्या अंदाजावर तेथील कुटुंबाचें वर्षाचें धान्य अवलंबून असतें.

लेह हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें 3,500 मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. पाऊस व बर्फ मिळून तेथें वर्षांत सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतें. कोंकणांत आषाढांत इतकें पाणी कधीं कधीं एका दिवसांत पडून जातें. हिमालयाची रांग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांस आडवी असल्यामुळें ते वारे पलीकडे पोंचेपर्यंत कोरडे होतात. लडाखास जें खरें पाणी मिळतें तें हिंवाळ्यांत, भूमध्य समुद्राच्या बाजूनें इराण-अफगाणिस्थानावरून येणाऱ्या वादळी लाटांपासून. यांस हवामानशास्त्रांत ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हे विक्षोभ उंच पर्वतांवर हिम टाकून जातात, आणि तेंच हिम शेतकऱ्याचें धरण होय.

शेतांत पडणाऱ्या पावसावर तेथें कोणीही पीक काढीत नाहीं. जव, गहूं, वाटाणा, सर्व कांहीं ओढ्यांच्या पाटावर. लेहच्या आसपास पेरणी एप्रिलअखेर ते मे या सुमारास होते, आणि थंडी लौकर परत येत असल्यामुळें बहुतेक ठिकाणीं वर्षाला एकच पीक निघतें. पेरणीस पंधरा दिवसांचा उशीर झाला तर जव पिकण्यापूर्वींच हिंव पडण्याची भीति असते. अडचण अशी कीं, उंचावरील हिमनद्या मनसोक्त वितळूं लागतात त्या जून-जुलैंत. पाणी हवें तें एप्रिल-मेमध्यें. मधले हे सहा आठवडे डोंगराच्या मधल्या उतारांवरील हंगामी बर्फावर काढावयाचे असतात.

यावरून एक गोष्ट निघते, ती आपल्या समजुतीच्या अगदीं उलट आहे. वसंतांत ढग आले कीं लडाखचा शेतकरी चिंतातुर होतो. त्यास हिंवाळ्यांत भरपूर हिम व वसंतांत स्वच्छ ऊन हवें असतें. हिम चांगलें पडलें, पण एप्रिल ढगाळ व थंड गेला, तर सांठा वर असूनही पाट कोरडे राहतात. एप्रिलांतील ताजें बर्फ तर पांढरें असल्यामुळें ऊन परतवितें व खालच्या जुन्या बर्फास झांकून ठेवितें. उलट हिम थोडें व वसंत उष्ण असा योग आला, तर पाणी लौकर दिसतें, माणूस हुरळून सर्व शेतें पेरतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या वेळीं ओढा आटलेला असतो. आमच्या मतें चारी योगांत हाच सर्वांत फसवा. कारण वाईट वर्ष आरंभींच वाईट दिसलें तर माणूस क्षेत्र तरी कमी करितो.

भारतीय हवामान खातें डिसेंबरअखेर जानेवारी ते मार्च या महिन्यांतील वायव्य भारताच्या पर्जन्याचा, व फेब्रुवारीअखेर मार्च ते मे यांचा अंदाज प्रसिद्ध करितें. हा अंदाज शक्यतेच्या भाषेंत असतो. मागील अनेक वर्षांचे तीन सारखे भाग पाडितात : कमी, सर्वसाधारण व अधिक. कांहींच माहिती नसेल तर प्रत्येकाची शक्यता शंभरांत 33. समजा, ‘कमी’ची शक्यता 45 सांगितली, तर कमी पडणारच असा त्याचा अर्थ नव्हे; उरलेले 55 दुसऱ्या दोन बाजूंस आहेतच. शिवाय हा अंदाज विस्तृत प्रदेशाचा. महसुली दप्तरांत आम्हीं उभी हयात घालविली; गांवाची पैसेवारी आठ आणे निघाली तरी चार आणे पिकलेला सर्व्हे नंबर त्याच गांवांत असतो, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. द्रासला कमरेइतकें बर्फ असतां लेहच्या बाजूस जमीन उघडी असूं शकते. तेव्हां अंदाज वाचून, मग आपल्याच ओढ्याच्या माथ्यावरील बर्फ डोळ्यांनीं पाहणें, हाच मार्ग.

यावर तेथील लोकांनीं उपायही केले आहेत. झंस्कार व लाहूल येथें शेतकरी हिंवाळ्यापूर्वीं कोरडी माती घरांत भरून ठेवितात व वसंतांत ती शेतांतील बर्फावर पसरतात. काळसर माती ऊन शोषून घेते व जमीन लौकर मोकळी होते. पाण्याच्या पाळ्या लावण्यास गांवोगांवीं ‘चुरपोन’ नेमिलेला असतो. खानदेशांतील फडाच्या पाटकऱ्याचाच तो भाऊ म्हणावयाचा. छेवांग नॉर्फेल या स्थापत्य अभियंत्यांनीं 1987 पासून निराळी युक्ति काढिली. हिंवाळ्यांत वायां जाणारें ओढ्याचें पाणी दगडी बांधांनीं संथ करून सावलीच्या जागीं गोठविलें. ही कृत्रिम हिमनदी गांवाच्या जवळ व नैसर्गिक हिमनदीहून पुष्कळ खालीं असल्यामुळें आधीं वितळते, आणि पेरणीचें पाणी नेमक्या वेळीं मिळतें. त्यांस 2015 मध्यें पद्मश्री मिळाली. 2013-14 च्या हिंवाळ्यांत सोनम वांगचुक यांनीं नळानें उंचावरून आणलेलें पाणी रात्रीच्या थंडींत उडवून बर्फाचा उभा शंकु बनविला. शंकूच्या आकारांत बर्फाच्या मानानें उन्हास लागणारा पृष्ठभाग थोडा, म्हणून तो उघड्यावरही उशिरापर्यंत टिकतो. मात्र दोन्ही उपायांस कडक थंडी लागते. हिंवाळाच सौम्य गेला तर बर्फ कशाचें करणार?

जर्दाळूचें मात्र निराळें आहे. सिंधूच्या सखल खोऱ्यांत तो एप्रिलांत फुलतो. उष्ण वसंतानें आधीं फुलला आणि मागून हिंव आलें, कीं मोहोर जळतो.

या हिमाचा आपल्याशींही संबंध आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं 1884 मध्यें हिमालयांतील हिम अधिक तर पुढील पाऊस कमी, असें मत मांडिलें व त्यावरून अंदाज देण्यास आरंभ झाला. पुढें ही एकच कसोटी पुरेशी नाहीं असें आढळून आलें. दुसरा संबंध अधिक जवळचा. पश्चिमी लाट कधीं फार दक्षिणेपर्यंत उतरते व समुद्रावरून येणाऱ्या बाष्पास मिळते, तेव्हां गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्यें विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रांत गहूं, हरभरा व द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, त्याच्या मागें हेंच होतें. प्रत्येक विक्षोभ इतका खालीं येत नाहीं. तथापि मार्चमध्यें उत्तरेकडे मोठी हिमवृष्टि झाल्याची वार्ता येतांच आपल्या जिल्ह्याचा इशारा रोज पाहावा, आणि कापलेला गहूं शेतांत पसरून न ठेवितां त्याच दिवशीं गंजी रचून झांकावा.