सहा महिन्यांची रात्र

थंडीत दिवस लहान असतो आणि उन्हाळ्यात मोठा असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. महाराष्ट्रात सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो.

पण पृथ्वीच्या अगदी उत्तर टोकाला आणि अगदी दक्षिण टोकाला सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि एकदाच मावळतो! या टोकांना ध्रुव म्हणतात. उत्तर ध्रुवावर सूर्य मार्चमध्ये उगवतो. तो सप्टेंबरपर्यंत मावळत नाही. त्यानंतर सुमारे सहा महिने त्याचे दर्शन नाही.

तुम्ही म्हणाल, "अहो, असं कसं होईल? सूर्य काय तिथं मुक्कामाला जातो?"

सूर्य कुठे जात नाही. हे घडते ते पृथ्वी कललेली आहे म्हणून.

करून पाहा

अंधाऱ्या खोलीच्या मध्यभागी पाटावर कंदील ठेवा. एक मोसंबे घ्या. त्यात वरून खालपर्यंत काडी खुपसा. कंदील म्हणजे सूर्य आणि मोसंबे म्हणजे पृथ्वी. काडीचे वरचे टोक म्हणजे उत्तर ध्रुव.

आता मोसंबे ज्योतीच्या उंचीवर धरा. काडी उत्तरेच्या भिंतीकडे थोडी कलती करा. पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली आहे. उभी काठी आडवी करायला जेवढी कलवावी लागते, त्याच्या साधारण चौथ्या भागाएवढा हा कल आहे.

कंदिलाच्या दक्षिणेला उभे राहा. काडीचे वरचे टोक कंदिलाकडे झुकलेले दिसेल. मोसंबे काडीभोवती गरगर फिरवा. वरच्या टोकावरचा उजेड हटत नाही. हा जून महिना.

आता कंदिलाला अर्धा फेरा घालून उत्तरेला या. काडी मात्र उत्तरेच्या भिंतीकडेच कललेली ठेवा. मोसंबे कितीही फिरवा, वरचे टोक अंधारातच राहते. हा डिसेंबर महिना. त्या वेळी खालच्या टोकाला, म्हणजे दक्षिण ध्रुवाला, सारखा उजेड असतो.

लांब गेल्याने थंडी पडते का?

कोणी म्हणेल, "पृथ्वी सूर्यापासून लांब गेली, की थंडी पडत असेल." तसे नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असते. जुलैत ते १५ कोटी २० लाख किलोमीटर होते. आणि आपली थंडी तर जानेवारीतच! ऋतू होतात ते कलामुळे.

ध्रुवावर सहा महिने ऊन असूनही बर्फ का वितळून जात नाही? कारण तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आपला सकाळचा सूर्य असतो, तसा तो खालीच राहतो. तिरप्या उन्हाला धग कमी. त्यातून पांढरा बर्फ बरेचसे ऊन परत फेकतो.

सूर्याची वाट पाहणारे गाव

उत्तर ध्रुवाच्या बाजूला नॉर्वे देशाची स्वालबार नावाची बेटे आहेत. तिथे लाँगिअरब्येन हे गाव आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथला सूर्य मावळतो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. भर दुपारी दिवे लावून माणसे कामाला जातात, मुले शाळेत जातात. सूर्य उगवला तरी डोंगराआडून गावात ऊन यायला मार्च उजाडतो. ८ मार्चच्या सुमारास जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पहिले ऊन पडते. तिथे लहानथोर जमतात, सूर्याला हाका मारतात आणि आठवडाभर उत्सव करतात.

याच बेटांवर भारताने २००८ साली 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडले. डिसेंबर २०२३ मध्ये आपले शास्त्रज्ञ प्रथमच भर हिवाळ्यात, त्या लांब रात्रीत, तिथे कामाला गेले.

आपल्याकडे सूर्य रोज दारात येतो. म्हणून त्याची किंमत चटकन कळत नाही. त्या गावाला ती कळते.

सांगा पाहू

१. उत्तर ध्रुवावर सूर्य कोणत्या महिन्यात उगवतो?
२. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असूनही आपल्याकडे थंडी का असते?
३. काडी सरळ उभी धरून कंदिलाला फेरा घाला. मोसंब्याच्या वरच्या टोकावर काय फरक पडतो?