पाट कोठे फुटला?

भोगावती नदीच्या खोऱ्यात पहाटेचे धुके अजून विरले नव्हते. फाट्यावरील मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर एक गवळी आपली गाडी ढकलीत आला. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकत होत्या. शेवटची किटली घेण्यासाठी त्याने फाट्यावर गाडी थांबवली, ती पुन्हा सुरू होईना. डेअरीत सात वाजेपर्यंतच दूध घेत असत. सहा वाजून गेले होते. वेळ टळली, तर दहा-बारा घरांचे दूध वाया जाणार होते.

दुकानात वृद्ध उस्ताद आणि त्यांच्या हाताखालचा शिकाऊ मुलगा असे दोघे होते. गवळ्याने किल्ली फिरवून बटण दाबले. ‘टक्’ असा एकच आवाज झाला. इंजिन मात्र जागचे हलले नाही.

मुलगा लगेच म्हणाला, “उस्ताद, बॅटरी संपली! कपाटात नवी आहे. बसवू का?”

नव्या बॅटरीचे नाव ऐकताच गवळ्याचा चेहरा उतरला. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी हाती येत आणि त्यांतून पेंडीची उधारी भागवायची होती.

उस्तादांनी विचारले, “बॅटरी संपली, हे तुला कोणी सांगितले?”

“गाडी सुरू होत नाही ना!”

“गाडी सुरू होत नाही, एवढेच तिने सांगितले आहे. का होत नाही, ते आपण तिला विचारायचे आहे.”

गवळी अधीर होऊन म्हणाला, “मिस्त्री, ढकलून सुरू केली तर?”

“होईलही. पण पुढे कोठे थांबलात, की पुन्हा हीच गत. मला पंधरा मिनिटे द्या. तेवढ्यात दोष सापडला नाही, तर आम्ही दोघे गाडी ढकलू,” उस्ताद म्हणाले.

प्रथम त्यांनी हॉर्न वाजवला. तो खणखणीत वाजला. हॉर्न वाजत असतानाच त्यांनी स्टार्टरचे बटण दाबले. पुन्हा ‘टक्’ असा आवाज झाला. पण हॉर्नचा आवाज जराही मंदावला नाही. उस्तादांनी मान हलवली. मग त्यांनी मुलाला मीटर आणायला सांगितले.

मीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावताच १२.६ व्होल्ट असा आकडा दिसला. मोटारसायकलच्या बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येक घटाचा दाब दोन व्होल्टांहून थोडा अधिक असतो. तेव्हा हा आकडा भरलेल्या बॅटरीचाच होता. मुलगा ओशाळला. पण उस्ताद म्हणाले, “थांब. एवढ्यावरही विसंबू नकोस. गोठ्यात बांधलेल्या बैलाचे बळ कळत नाही. जू मानेवर आल्यावरच ते कळते. आता बटण दाब.”

मुलाने बटण दाबले. आकडा १२.५ वर आला आणि तेथेच थांबला.

“स्टार्टर मोटर फिरू लागली, की दिव्याहून कितीतरी पटींनी अधिक प्रवाह ओढते. तेव्हा चांगल्या बॅटरीचाही दाब खाली येतो. दुबळी असेल, तर तो फारच घसरतो. येथे तो हललाच नाही. याचा अर्थ काय?”

मुलगा विचार करून म्हणाला, “बैलाच्या मानेवर जू आलेच नाही! प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतच नाही.”

“शाबास! आता असे समज, की विहीर तुडुंब भरली आहे, पण उसाच्या शेवटच्या सरीला पाणी येत नाही. मग शेतकरी नवी विहीर खणतो काय?”

“छे! तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाट कोठे फुटला ते पाहतो.”

“मग आपणही चालू या.”

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड तार रिलेकडे जाते आणि रिलेपासून दुसरी जाड तार स्टार्टर मोटरकडे जाते. बटण दाबले, की रिलेतील विद्युत्चुंबक दोन्ही तारा जोडतो. ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच. उस्तादांनी मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला लावून ठेवली. दुसरी तार ते पुढे पुढे नेऊ लागले. प्रत्येक ठिकाणी मुलगा क्षणभर बटण दाबी. वाट चांगली असेल, तर तेवढ्या अंतरात दाब जवळजवळ मुळीच खर्च होत नाही आणि मीटर शून्याजवळ राहतो. रिलेचे पहिले टोक : शून्य. रिलेचे दुसरे टोक : शून्याहून किंचित अधिक. मोटरकडे गेलेल्या तारेचे टोक : तेवढेच. मग मीटरची तार त्या टोकाला चिकटून असलेल्या मोटरच्या बोल्टवर आली. आकडा एकदम १२ च्या वर गेला.

“पाट येथे फुटला आहे,” मुलगा आनंदाने ओरडला.

उस्तादांनी प्रथम बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवली. पाना चुकून कोठे टेकला, तरी ठिणगी उडू नये, म्हणून ही दक्षता घ्यावी लागते. मोटरवरील रबरी टोपण फाटलेले होते. गवळ्याला रोज ओढ्यातून यावे लागे. ते पाणी आत शिरून बोल्टावर हिरवट पांढरी पुटे चढली होती आणि नटही सैल झाला होता. मुलाने पॉलिशपेपरने धातू लखलखीत होईपर्यंत घासला, नट आवळला आणि नवे टोपण बसवले. शेवटी ऋण टोकाची तार जोडली.

गवळ्याने बटण दाबले. मोटर घरघरली आणि इंजिन सुरू झाले. उस्तादांचे लक्ष मात्र मीटरकडे होते. क्षणभर आकडा ११ पर्यंत उतरला आणि पुन्हा वर चढला. “आता बैलाने जू ओढले,” ते समाधानाने म्हणाले. बॅटरी चांगली आहे, याची खात्री त्यांनी आता कोठे करून घेतली होती.

टोपणाचे पैसे आणि थोडी मजुरी एवढेच घेऊन त्यांनी गवळ्याला निरोप दिला. सात वाजायला अजून अर्धा तास होता.

मग उस्तादांनी मुलाला जवळ बसवले. “गाडी मुकी नसते, बाळ. किल्ली फिरवूनही एकही दिवा लागला नाही, तर मुख्य फ्यूज आणि बॅटरीची टोके पाहावी. दिवे लागतात पण ‘टक्’ही होत नाही, तर इंजिन बंद करण्याचा खटका, क्लच आणि स्टँड यांचे स्विच पाहावे. ‘टक् टक् टक्’ असा भराभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी दुबळी असते किंवा तिची टोके सैल असतात. मोटर फिरते पण इंजिन पेट घेत नाही, तर ठिणगीचा आणि पेट्रोलचा शोध घ्यावा. आणि फ्यूज जळला, तर त्या जागी जाड तार कधीही घालू नये. फ्यूज स्वतः जळून गाडीला आगीपासून वाचवतो.”

मुलगा हळूच म्हणाला, “उस्ताद, मी बॅटरी बदलली असती, तर?”

“त्याचे पैसे गेले असते आणि गाडीही सुरू झाली नसती. अज्ञान लपवण्यासाठी दुसऱ्याचा पैसा खर्च करू नये.”

मुलाने कपाटाकडे पाहिले. नवी बॅटरी जागच्या जागी होती. त्याने मीटर स्वच्छ पुसला आणि हाताशी येईल अशा खुंटीवर टांगून ठेवला.

शब्दार्थ
पाट – शेताला पाणी नेणारा चर.
पेंड – गुरांना घालावयाचे, तेल काढून उरलेले खाद्य.
दक्षता – काळजी, सावधपणा.
ओशाळणे – लाज वाटून खजील होणे.

स्वाध्याय
१. नव्या बॅटरीचे नाव ऐकून गवळ्याचा चेहरा का उतरला?
२. बटण दाबल्यावरही मीटरचा आकडा खाली आला नाही, यावरून उस्तादांनी काय ओळखले?
३. विहीर, पाट आणि शेवटची सरी या तिन्हींना गाडीतील कोणत्या वस्तू जुळतात, ते लिहा.
४. ‘अज्ञान लपवण्यासाठी दुसऱ्याचा पैसा खर्च करू नये’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. वाक्यांत उपयोग करा : चेहरा उतरणे, विसंबणे, खात्री करून घेणे.