अटींचा क्रम

मुलुंड (पूर्व)

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

लोकलच्या भाड्याचा हिशेब करणारा तुझा प्रोग्राम सावकाश वाचला. ग्रीसमर, पाइक आणि थॉम्प्सन यांनी २००७ साली गूगलमध्ये जिची आखणी आरंभिली, त्या गो भाषेने अटी लिहिण्याच्या कामी पुष्कळ मुभा हेतुपुरस्सर नाकारल्या आहेत, आणि मला ते मनापासून पसंत आहे. 'इफ'च्या अटीभोवती गोल कंस लागत नाहीत, पण एका ओळीच्या कामालाही महिरपी कंस चुकत नाही व तो त्याच ओळीवर उघडावा लागतो. शून्याला खोटे मानून चालत नाही. प्रश्नचिन्ह घालून एका ओळीत निकाल लावण्याची सी भाषेतील सोयही येथे नाही. यांत काही चुकले तर कंपायलर तत्काळ हरकत घेतो, तेव्हा त्याची चिंता नको.

चिंता वाहावी ती क्रमाची. रेल्वेच्या नियमाप्रमाणे ५ वर्षांखालील मुलास तिकीट नाही आणि तेथून १२ पुरी होईपर्यंत अर्धे तिकीट. तू 'स्विच'मध्ये 'वय १२ हून कमी' ही केस आधी घातलीस व '५ हून कमी' ही नंतर. परंतु गो वरून खाली वाचीत जाते आणि पहिली खरी अट सापडताच तेथेच निकाल देते, त्यामुळे घाटकोपरला आईच्या कडेवरून गाडीत चढणाऱ्या तीन वर्षांच्या पोराकडूनही तुझा प्रोग्राम अर्धे भाडे वसूल करील, आणि कंपायलर अवाक्षर काढणार नाही, कारण कसूर व्याकरणात नसून विचारात आहे. म्हणून संकुचित अट आधी, व्यापक अट मागाहून.

त्याहीपूर्वी, वय शून्याहून कमी आले किंवा आकडा वाचताना त्रुटी निघाली, तर अपुरा अर्ज पहिल्याच मेजावरून परत करणाऱ्या दक्ष कारकुनाप्रमाणे तेथेच 'रिटर्न' कर. मग 'एल्स'च्या पोटात 'एल्स' घालण्याचे प्रयोजन उरत नाही व मुख्य काम डाव्या समासाला धरून सरळ उतरते. त्रुटी तपासण्यापुरतेच लागणारे चल 'इफ'च्याच ओळीत, अटीपूर्वी अर्धविराम देऊन घोषित कर. त्याचा अंमल त्या 'इफ' व 'एल्स'पुरताच राहतो.

नेमकी ५ आणि नेमकी १२ ही वये घालून खातरजमा कर. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे भाडे जोडण्याचा तुझा बेत त्यानंतर हाती घे. तेथे भाडे अंतराच्या टप्प्यांवर बेतलेले असल्याने क्रमाचा हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. ताईस नमस्कार.

तुझा,
मामा