पापणी उघडी राहावी म्हणून: चष्मा, आधार आणि खर्चाचा हिशेब

डोळ्याचा पडदा ठीक, मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही बरोबर. तरीही बसची पाटी वाचायला बोटाने पापणी वर धरावी लागते. किंवा उन्हात पाऊल टाकताच दोन्ही डोळे घट्ट मिटतात आणि रस्त्याच्या मधोमध थांबावं लागतं. हा त्रास दिसायला लहान, पण तो माणसाला घरात बसवतो. त्यात खर्चही उलट्या क्रमाने होतो: आधी महागडा गॉगल, मग दुसरं दुकान, मग तिसरं आणि शेवटी डॉक्टर. हा क्रम सुलटा केला तर बरेच पैसे वाचतात. पुढचे आकडे मोठ्या शहरांतल्या खासगी दुकानांचे आणि दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. गाव, ब्रँड आणि चष्म्याचा नंबर यांप्रमाणे ते कमीजास्त होतील.

आधी दुखणं ओळखा

दोन त्रास वरवर सारखे दिसतात. टोसिसमध्ये पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याची नस कमकुवत झालेली असते, त्यामुळे पापणी खाली लोंबते. ब्लेफरोस्पाझममध्ये डोळा मिटणारा स्नायू आपोआप आवळला जातो. तिथे पापणी पडत नाही, जोराने मिटते. पहिल्याला वर धरणारा आधार लागतो, तर दुसऱ्याला उजेड आणि वारा अडवणारी काच लागते आणि बहुतेकदा इंजेक्शन. एकाचा उपाय दुसऱ्याला दिला की पैसे वाया जातात.

जागरणाने किंवा चहा-कॉफीच्या अतिरेकाने एका डोळ्याची पापणी थोडे दिवस लवते, ती या दोन्हींत मोडत नाही. तिच्यासाठी काहीही विकत घेऊ नका. झोप पुरी करा.

तपासणी ऑक्युलोप्लास्टी (पापण्यांच्या शस्त्रक्रिया) करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे करावी, गरज पडल्यास न्यूरोलॉजिस्टकडे. खासगी सल्ल्याला ५०० ते १,५०० रुपये लागतात. या सगळ्या खर्चात हेच पैसे सर्वांत सत्कारणी लागतात.

इथे चष्म्याच्या दुकानात जाऊ नका

- पापणी अचानक पडली आणि सोबत डोकं दुखत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा बाहुली मोठी झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे दोन्ही पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं किंवा गिळता येईना, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. तिच्या दंशाची खूण किंवा वेदना नसेलही. थेट रुग्णालयात न्या.
- सकाळी पापणी बरी असते आणि संध्याकाळपर्यंत पडते, असं असेल तर मायस्थेनिया ग्रेव्हिसची तपासणी हवी. त्यावर औषधं आहेत.
- लहान मुलाची पापणी बाहुलीवर येत असेल तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नका. झाकलेला डोळा कायमचा मंद राहू शकतो.

पापणी पडत असेल तर: टोसिस क्रच

चष्म्याच्या फ्रेमला आतल्या बाजूने बारीक तारेची किंवा प्लॅस्टिकची कमान बसवतात. ती वरच्या पापणीच्या घडीत टेकते आणि पापणी उचलून धरते. हाच टोसिस क्रच. ज्यांना शस्त्रक्रिया नको आहे, झेपणार नाही किंवा ज्यांचा आजार वाढता आहे, त्यांना तो उपयोगी पडतो. काहींना स्नायू आवळलेला नसतानाही पापणी उघडता येत नाही. त्यांनाही कमानीच्या स्पर्शाने कधी कधी मदत होते.

तो करून घेण्याआधी फुकटची चाचणी करा. पापणी बोटाने हलकेच वर धरा आणि वर्तमानपत्र वाचा. वाचन सोपं झालं तर क्रचने फरक पडण्याची शक्यता आहे. नंतर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस मायक्रोपोर पट्टी लावून पाहा. गुंडाळी शंभर रुपयांच्या आत मिळते. पट्टी झोपताना काढायचीच.

क्रचच्या मजुरीला ठरलेला दर नाही. फ्रेम सोडून १,००० ते ३,००० रुपये धरून चला. प्रत्येक चष्मेवाला हे काम करत नाही, म्हणून नेत्र रुग्णालयाच्या ऑप्टिकल विभागात किंवा कृत्रिम डोळे बसवणाऱ्या कारागिराकडे चौकशी करा. डाग देता यावा म्हणून धातूची फ्रेम बरी. तिचे नोज पॅड वाकवता येण्यासारखे असावेत, कारण चष्मा नाकावरून घसरला की कमानही घसरते. १,००० ते २,५०० रुपयांची मजबूत फ्रेम पुरते. तार स्टेनलेस स्टीलची घ्या. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. आरशासमोर बसून डोळा मिटून पाहा: पापणी पूर्ण मिटते की बुबुळाखाली पांढरी फट राहते? कमान पापणीच्या घडीत बसली पाहिजे, डोळ्याच्या गोळ्याला कुठेही लागता कामा नये. दहा मिनिटं काही वाचा, मग जिन्याच्या दोन पायऱ्या उतरा. खाली बघताना पापणी सुटत असेल तर तार तिथल्या तिथे वाकवून घ्या. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तासच लावा आणि वेळ हळूहळू वाढवा. पापणी नीट मिटली नाही तर डोळा कोरडा पडतो, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब सोबत लागतात. साधी बाटली १०० ते २५० रुपयांना आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली साधारण ३०० ते ५०० रुपयांना मिळते. डोळा लाल झाला किंवा खुपू लागला तर क्रच उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्का थेंबांना अमेरिकेत २०२० मध्ये मोठ्यांच्या टोसिससाठी मान्यता मिळाली. त्याच नावाचे नाकात घालायचे थेंब औषधाच्या दुकानात असतात. ते डोळ्यात कधीही घालू नका.

डोळे मिटत असतील तर: काच आणि आडोसा

ब्लेफरोस्पाझमच्या रुग्णांना उजेड फार खुपतो. त्यासाठी एफएल-४१ नावाची गुलाबी-तपकिरी छटा वापरतात. ती निळ्या-हिरव्या पट्ट्यातला, ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कमी करते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या अभ्यासात या छटेने रुग्णांच्या पापण्यांची उघडझाप आणि उजेडाचा त्रास कमी झाल्याचं आढळलं. परदेशातून तयार चष्मा मागवला तर १०० ते २०० डॉलर लागतात, सीमाशुल्क वेगळं.

इथे साधी गुलाबी छटा २०० ते ५०० रुपयांत चढवून मिळते. पण गुलाबी दिसणारी प्रत्येक काच एफएल-४१ नसते. दुकानदाराकडे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश अडतो त्याचा आलेख मागा. तो नसेल तर एफएल-४१चे पैसे देऊ नका, साध्या छटेचे द्या. छटा सीआर-३९ प्लॅस्टिकवर चांगली चढते, पॉलिकार्बोनेटवर नाही.

फोटोक्रोमिक काचांना साधारण १,५०० ते ५,००० रुपये लागतात. उन्हात चालणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत. गाडीत मात्र त्या फारशा काळ्या होत नाहीत, कारण पुढची काच अतिनील किरण अडवते. घरात गडद काळा गॉगल लावून बसू नका. डोळ्यांना अंधाराची सवय लागते आणि उजेड आणखी खुपतो.

वाऱ्याने आणि धुळीने डोळे मिटत असतील तर बाजूने झाकणारी फ्रेम हवी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा गॉगल घरात असेल तर आधी तोच बाहेर लावून पाहा. फरक पडला तर मग फोमची कड असलेला चष्मा घ्या, ८०० ते २,५०० रुपयांचा. काहींचे डोळे कानशिलाला बोट लावल्यावर, गुणगुणल्यावर किंवा घट्ट टोपी घातल्यावर उघडतात. या युक्त्यांना पैसे लागत नाहीत. आणि डोळे अचानक मिटत असतील तोवर गाडी चालवू नका.

इंजेक्शन आणि वर्षाचा हिशेब

ब्लेफरोस्पाझमवर मुख्य उपचार बोटुलिनम टॉक्सिनचा आहे. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. गुण काही दिवसांत दिसू लागतो आणि सुमारे तीन महिने टिकतो. कधी कधी पापणी काही आठवडे पडते, मग आपोआप सुधारते. खासगी दवाखान्यात एका वेळेला १०,००० ते २०,००० रुपये धरा. आकारणी युनिटप्रमाणे आहे की पूर्ण कुपीची, हे आधी विचारा. दोन ब्रँडची युनिटं सारखी नसतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून स्वस्त-महाग ठरवू नका.

- पापणी पडणं: फ्रेम, काचा, क्रच आणि थेंब मिळून पहिल्या वर्षी ६,००० ते १०,००० रुपये. पुढे मुख्यतः थेंब आणि तारेची दुरुस्ती.
- डोळे मिटणं: वर्षाला तीन-चार इंजेक्शनं, ३०,००० ते ८०,००० रुपये. चष्मा आणि थेंब मिळून ५,००० ते १०,०००.
- टोसिसची शस्त्रक्रिया: खासगीत एका डोळ्याला २५,००० ते ८०,००० रुपये, पद्धतीप्रमाणे.

डोळे मिटण्याच्या त्रासात चष्म्याचा वाटा लहान आहे. म्हणून पंधरा हजारांच्या चष्म्यासाठी इंजेक्शन चुकवू नका.

पैसे कुठे वाचतात

नंबरचा चष्मा, काचा आणि फ्रेम यांवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के जीएसटी आहे. बिलावर तो बघा. मुंबईचं जे. जे. आणि पुण्याचं ससून यांसारख्या सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

विमा कंपनी बोटुलिनमला सौंदर्योपचार म्हणून दावा नाकारू शकते. त्यासाठी डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव, आंतरराष्ट्रीय कोड (ब्लेफरोस्पाझमसाठी जी २४.५, टोसिससाठी एच ०२.४) आणि ‘दृष्टीतील अडथळ्यामुळे उपचार’ हे शब्द लिहून घ्या. टोसिस असेल तर पापणी बाहुलीवर आल्याचे फोटो आणि दृष्टिक्षेत्र तपासणीचा अहवाल जोडा. तरीही नकार आला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जा.

ऑर्डर देण्यापूर्वी

दुकानदाराला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या: असा क्रच किंवा अशी छटा आधी केली आहे का? पहिल्या तीन महिन्यांत तार वाकवून देण्याचे पैसे लागतील का? काच आवडली नाही तर बदलून मिळेल का? फ्रेम बदलली तर कमान नव्या फ्रेमला लागेल का? क्रच पहिल्या फेरीत क्वचितच नीट बसतो. म्हणून दोन हजारांत तीनदा नीट करून देणारा कारागीर हजारात एकदाच बसवून देणाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो. तो कारागीर आधी शोधा, फ्रेम नंतर निवडा.